एकेचाळीस मिनिटांचा सूर

"आणि ह्यात मुकिंदा कुठाय?" आबांनी विचारलं.

दिगूला हसू आलं.

"आबा, मुकिंदातात्या तुमच्या शेजारीच बसलेत की."

खरंच बसले होते. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, तळव्यावर तंबाखू मळत. आपलं नाव निघालं तशी त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"हितं बसलाय ते दिसतंय मला," आबा म्हणाले. "ह्यात कुठाय, ते इचारलं."

त्यांचं बोट दिगूच्या लॅपटॉपकडे होतं.

यशवंतआबा ऐवळ्यांनी कोरेवाडीच्या नाथाच्या देवळात बावन्न वर्षं सनई वाजवली. नगारखान्याच्या दगडी पायऱ्या चढायच्या, पूर्वेच्या खिडकीपाशी बसायचं आणि देव जागा करायचा. औंदा नागपंचमीच्या पहाटे त्यांनी शेवटची वाजवली. पंधरा दिवसांनी विट्याच्या डॉक्टरनं पुढचे पाच दात काढले. ओठांना आतून टेकू उरला नाही, की सनईच्या तोंडची पात ओठांत ठरत नाही. आबांनी सनई पुसून खुंटीला अडकवली आणि त्या गोष्टीवर पुन्हा बोलले नाहीत.

ती शेवटची पहाट दिगूनं टिपून घेतली होती. दिगू म्हणजे दिगंबर गेजगे. वयाच्या दहाव्या वर्षी आबांच्या पायाशी बसला, हाताचा गुणी निघाला. आता विट्यात राहायचा. त्याच्या खोलीत एक माणूस आडवा झाला की दुसऱ्याला उभं राहावं लागे. पण त्या खोलीच्या भिंतींना त्यानं आईच्या वाकळा ठोकल्या होत्या, एक माइक टांगला होता, आणि तिथं बसून तो एकटा गाणी करायचा. वाजवणारा तोच, टिपणारा तोच, जगात सोडणारा तोच.

आबांची पूर्ण पहाट, एकेचाळीस मिनिटं, दसऱ्याला सोडायची त्यानं ठरवली होती. दसरा बारा दिवसांवर होता. आबांनी एकदा ऐकून "हां" म्हणावं, एवढ्यासाठी तो लॅपटॉप घेऊन आला होता. त्या "हां"शिवाय तो पूर्ण पहाट सोडणार नव्हता.

"तात्या असणारच की," दिगू म्हणाला. "नीट ऐका. आवाज वाढवतो."

त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आबांची सनई उठली. स्वच्छ, धुतल्यासारखी. आबांनी डोळे मिटले.

"म्या दिसतोय," ते म्हणाले. "मुकिंदा न्हाई."

मुकिंदा जावीर आबांचे सूरवाले. सूर म्हणजे सनईसारखीच नळी, पण तिच्यातून एकच स्वर काढायचा. तोही न तोडता. सनईवाला थांबतो, दम घेतो, हरकत घेतो, पुन्हा उठतो. सूरवाल्याला तशी सवलत नाही. गालात हवा साठवायची, ती ओठांतून सोडता सोडता नाकानं दुसरी घ्यायची, आणि बाहेर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. मुकिंदातात्यांनी आबांच्या डाव्या बाजूला बसून चाळीस वर्षं तेवढंच केलं होतं.

दिगूनं कानाला हेडफोन लावले. ऐकत राहिला.

सनई होती. खाली काहीच नव्हतं. रिकाम्या माळावर एखादा माणूस आपल्याशीच बोलत निघावा तसं.

हे त्यानं महिनाभर रोज ऐकलं होतं. ऐकून खूश झाला होता, की आवाज केवढा स्वच्छ आलाय.

"काय झालं रं?" आबांनी विचारलं.

"आबा… नगारखान्यात पलीकडच्या विहिरीवरच्या मोटरीची घरघर येत होती. ती काढली मी."

"हातानं?"

"मशीन काढतं. सारखा चालणारा आवाज असला, की त्याला ओळखून सगळ्यातनं वेचून काढतं."

"वळखतं कसं, की ह्योच गोंगाट म्हणून?"

"आपण दाखवायचं. वाजवायला सुरुवात व्हायच्या आधी नुसता गोंगाट असतो ना, तेवढा तुकडा दाखवायचा. म्हणायचं, हा बघ, असा जिथं जिथं दिसेल तिथं तिथं काढ."

"तू कुठला तुकडा दावलास?"

"पहिली दोन सेकंदं."

मुकिंदातात्यांचा तळव्यावरचा अंगठा थांबला.

"दिगू," आबा म्हणाले, "सनईवाला आधी फुंकतो का सूरवाला?"

पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट होती ती. आधी सूर लागतो. तो ठरला, की मग सनई त्यावर पाय ठेवते.

"त्या दोन सेकंदांत कोण वाजवत हुतं?"

"…तात्या."

"आन् तू मशिनीला काय सांगितलंस?"

दिगूनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

मुकिंदातात्यांना हसू फुटलं. पोट हलवत, आवाज न करता हसले. "आयला. चाळीस वर्सं घरची बी तेच म्हणती, घरघर लावली म्हणून. मशीन हुशार हाय तुजं."

"तात्या, माफ करा."

"माफ कशाचं? मला कदी कुणी ऐकलंय? जत्रंत माणसं येत्यात, आबाचे पाय धरत्यात, मला इचारत्यात पाणी कुठं मिळंल. एकदा ताप भरला म्हणून म्या घरी ऱ्हायलो, तर त्या दिवशी गावभर बोंब, आज सनईला काय झालंय. सूर ऐकू आला, की समजायचं कुठंतरी चुकलाच."

"जुनं काढ," आबा म्हणाले. "मशिनीत घालायच्या आदीचं."

दिगूनं मान खाली घातली. साफ केलेलं त्यानं त्याच नावानं साठवलं होतं, जुन्यावरच. रेकॉर्डरमधलं कार्ड पुसून गार्डी गावातल्या एका लग्नाला वापरलं होतं. जुनं कुठंच नव्हतं.

आणि आबांना पुन्हा वाजवा म्हणायची सोय नव्हती.

बाहेर अंगणात कोंबडी माती उकरत होती.

इथं एक मागची गोष्ट सांगायला हवी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एक कॅसेटवाला आबांना सांगलीला घेऊन गेला होता. खोलीत बसवलं, माइक लावला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, सूर फार येतोय मध्ये, ह्यांना जरा दाराबाहेर बसवा. आबा उठले. सनई पिशवीत घातली, मुकिंदाचा हात धरला आणि एसटीत बसले. पुन्हा कुठल्या कंपनीच्या दारात गेले नाहीत. ही गोष्ट दिगूनं लहानपणी शंभरदा ऐकली होती, मोठेपणी दोनशे जणांना सांगितली होती. आजसुद्धा आल्या आल्या तो छाती काढून म्हणाला होता, "आबा, आता मधे कुणी नाही. कंपनी नाही, दुकान नाही. माझ्या खोलीतून निघालं की थेट ऐकणाऱ्याच्या कानात. तात्यांना बाहेर बसवा म्हणणाराच उरला नाही."

तेव्हा आबांनी विचारलं होतं, "मधी कुणीच न्हाई?"

"कुणीच नाही."

"तू हायस की."

दिगू तेव्हा हसला होता. आता ते त्याला आठवलं.

"मी करतो नीट," तो म्हणाला. "तात्या, तुमचा सूर द्या. दहा सेकंद फुंकतो."

"दहाच?"

"पुरेत. पुढं मशीन जोडतं. तेच दहा सेकंद एकापुढं एक लावत जायचं. एकेचाळीस मिनिटं काय, एकेचाळीस तास चालेल."

आबांनी हातानंच खूण केली. कर.

दिगूनं दहा सेकंद फुंकलं, टिपलं, जोडलं, सनईखाली सरकवलं. चहा होईपर्यंत काम झालं. त्यानं लावलं.

सुरुवात गोड झाली. दिगूचा जीव भांड्यात पडला. आबा डोळे मिटून, मुकिंदातात्या उघडे ठेवून ऐकत होते. पाच मिनिटं गेली… आठ गेली.

बाराव्या मिनिटाला आबांच्या कपाळावर एक आठी पडली.

विसाव्याला मुकिंदातात्यांनी दाताखाली खडा आल्यासारखं तोंड केलं.

पंचविसाव्यापर्यंत दिगूलाही कळलं. सनई आणि सूर एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"सनई चढती," मुकिंदातात्या हळूच म्हणाले. "पात वली होती, लाकूड तापतं, आबाच्या अंगात बी कायतरी येतं. केसभर केसभर वर जाती. सूरवाल्यानं तिच्यासंगं जायचं असतं. लोकांस्नी वाटतं म्या एका जागी बसलोय."

"मग मशीनला गोंगाट म्हणून दाखवला तो सूर तर पहिल्या दोन सेकंदांचा…" दिगू बोलता बोलता थांबला.

छत्तिसावं मिनिट चालू होतं. मघाशी जोडलेला सूर त्यानं घाईनं बंद केला. नुसती सनई राहिली. आणि सनईच्या खाली, पार तळाशी, काहीतरी होतं. राखेखालच्या निखाऱ्यासारखं.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

"म्याच की," मुकिंदातात्या म्हणाले. त्यांनाही नवल वाटलेलं दिसलं.

चढत चढत ते इतके वर आले होते, की मशीनला दाखवलेल्या तुकड्याशी त्यांचं तोंड जुळेना. शेवटची पाच मिनिटं मशीननं त्यांना ओळखलंच नाही. म्हणून ते वाचले होते.

दिगूनं ती पाच मिनिटं पुन्हा ऐकली. मग सरळ बसला.

"आबा, सूर चढवता येतो मशीनमध्ये. जोडलेला सूर हळूहळू वर न्यायचा. मोजून. अवघड नाही ते."

"जमंल मशिनीला," आबा म्हणाले. "म्या न्हाई कुठं म्हणतोय? तुला जमंल का, एवढंच इचारतोय."

"मला?"

"मुकिंदानं एकदा धरला हुता. तू पुसलास."

आबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दमानं. मुकिंदातात्यांच्या मांडीवरचा सूर उचलला आणि दिगूच्या मांडीवर ठेवला. मग मुकिंदाचा हात धरला, त्यांनाही उठवलं, आणि दोघे म्हातारे उंबऱ्याबाहेर जाऊन पायरीवर बसले.

"आबा, बाहेर कशाला? आत बसा की."

"हितनं ऐकतो," आबा म्हणाले.

दिगूच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्या पायरीकडे त्याला बघवेना.

त्यानं सूर तोंडाला लावला.

नवा पोरगा आला की आबा त्याला दोन वर्षं नुसता सूर धरायला लावत. दिगूचा हात बघून त्याला आठ महिन्यांतच सनई दिली होती. ती चूक होती का बरोबर, कोण जाणे. त्या दिवसानंतर दिगूनं सुराला हात लावला नव्हता. सूर काय, कुणीही धरतो, असंच त्याला वाटायचं.

पहिल्या दिवशी तीन मिनिटं झाली. मग गाल फुटल्यासारखे झाले, दम तुटला.



दुसऱ्या दिवशीही तीनच. तिसऱ्या दिवशी ओठ आतून सोलला, आमटीचा घास लागेना. विट्याला न जाता तो आबांच्याच पडवीत राहिला. आबांची सून सकाळ-संध्याकाळ भाकरी वाढायची आणि म्हणायची, "भाऊजी, म्हशीला पान्हा फुटंना तुमच्या आवाजानं."

चौथ्या दिवशी मुकिंदातात्या परड्यातून पपईच्या पानाचा देठ तोडून घेऊन आले. पोकळ, बोटभर जाड. एका तांब्यात पाणी घेतलं आणि देठाचं टोक त्यात बुडवलं.

"सूर ठेव बाजूला. ह्यात फुंक. बुडबुडं थांबाया न्हाई पायजेत. नाकानं दम घे, पर पाण्याला कळू देऊ नको."

"पाण्याला?"

"पाण्याला फशिवता आलं, की माणसं सोपी."

दिगू दिवसभर तांब्या घेऊन बसला. येणारी-जाणारी बायामाणसं बघून हसत. ह्याला तिकडं मोबाइलवर ऐंशी हजार लोकांनी ऐकलंय, कुणीतरी सांगत होतं, आणि हा इथं पाण्यात बुडबुडे काढतोय.

ते ऐंशी हजार खरे होते. आबांच्या पहाटेचा एक मिनिटाचा तुकडा त्यानं आधीच सोडला होता. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली होती, डोळ्यांत पाणी आलं म्हणून लिहिलं होतं. पूर्ण कधी येणार, म्हणून रोज विचारत होते. खाली सूर नाही, असं एकानंही लिहिलं नव्हतं.

हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

सातव्या दिवशी त्यानं तो एक मिनिटाचा तुकडा काढून टाकला. दसऱ्याची तारीखही काढली. विट्याच्या मित्राचा फोन आला. "डोकं फिरलंय का तुझं? सणासुदीत लोक ऐकतात. आता मागं सरलास तर विसरतील. कुणाला कळणारे, खाली काय आहे न् काय नाही?"

"दोघांना कळतं," दिगू म्हणाला.

"ऐंशी हजारातल्या दोघांना?"

"त्यातले नाहीत ते."

त्यानं फोन ठेवला आणि देठ पाण्यात घातला.

दसरा आला, गेला. सोनं वाटायला आलेल्या पोरांनी आपट्याची पानं त्याच्या तांब्याशेजारी ठेवली. तो बुडबुडे थांबवू शकत नव्हता, म्हणून डोळ्यांनीच रामराम केला. त्या दिवशी आबा पहिल्यांदा पायरीवरून बोलले.

"किती झालं?"

मुकिंदातात्यांनी तांब्यात डोकावून बघितलं. "मोजलं न्हाई. पर चहा निवला माजा."

मग पुन्हा सूर हातात आला. सात मिनिटं… अकरा… एकदा सोळा झाली आणि ठसका लागला. दिगू मधे मधे विट्याला जायचा, एखादं काम उरकायचा, परत यायचा. एसटीत बसला तरी त्याचे गाल फुगत-उतरत असायचे. शेजारच्या बाईनं एकदा जागा बदलली.

नुसता दम पुरवून भागणार नव्हतं. हेडफोनमध्ये आबांची सनई लावून तिच्यासंगं चढायचं होतं. दम पुरला, की कान सुटायचा. कान लावला, की दम तुटायचा. सनई कुठं चढते ते बघायला जावं, तर ती आधीच चढून बसलेली. धावत गाठावी, तर सूर पुढं.

"तात्या, चढायचं कधी ते कळतं कसं तुम्हाला?"

मुकिंदातात्यांनी बराच विचार केला.

"मला न्हाई कळत," ते म्हणाले. "म्या आबाच्या बाजूला बसतो, एवढंच."

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. तुळशीचं लग्न चार दिवसांवर असताना एका सकाळी दिगूनं आबांच्या खोलीच्या भिंतींना वाकळा टांगल्या, माइक लावला, दार लोटलं. दोघे म्हातारे रोजच्यासारखे पायरीवर जाऊन बसले.

आतून सूर लागला.

पायरीवर फक्त सूरच ऐकू येत होता. सनई दिगूच्या कानात होती. उन्हाची तिरीप पहिल्या पायरीवरून दुसरीवर उतरली. सून पाण्याची घागर घेऊन आली, दाराशी थबकली, पाय न वाजवता मागच्या दारी गेली. मुकिंदातात्यांनी तंबाखू मळायला घेतली आणि तशीच मुठीत धरून ठेवली. त्यांचे स्वतःचेच गाल हलत होते.

आत दिगूला काही दिसत नव्हतं. मान ताठली होती. डोळ्यांतून पाणी गळून हनुवटीवरून खाली पडत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिसाव्या मिनिटाच्या आसपास कधीतरी तो सनईला गाठायचं विसरला. आबा उजव्या बाजूला बसलेत, एवढंच उरलं. नागपंचमीची पहाट होती, पूर्वेची खिडकी उघडी होती, आबांचे दात शाबूत होते.

छत्तिसावं मिनिट कधी आलं, गेलं, त्याला कळलं नाही.

सनई थांबली. सूर रिवाजाप्रमाणे दोन श्वास पुढं गेला आणि मग थांबला.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. दिगूचे ओठ निळे पडले होते. त्यानं लॅपटॉप उचलून पायरीवर आणला. सनई आणि सूर एकत्र लावले, आणि स्वतः खालच्या पायरीवर, दोघांच्या पायाशी बसला.

या वेळी त्यानं काहीही साफ केलं नव्हतं. मधे कुठंतरी कोंबडं आरवलं होतं, ते तसंच होतं.

एकेचाळीस मिनिटं तिघं ऐकत राहिले. आबांनी डोळे मिटले होते. कपाळावर आठी पडली नाही. बारावं मिनिट गेलं, विसावं गेलं, पंचविसावं गेलं. छत्तिसाव्याला दिगूनं मुकिंदातात्यांकडे बघितलं. इथं मागचा जुना सूर खालून वर येणार होता. दोन सूर एकावर एक बसणार होते. सांधा असेल तर इथंच दिसणार होता.

तात्या तसेच बसून राहिले.

शेवटचा स्वर विरला. अंगणात पुन्हा कोंबड्यांची चाहूल लागली.

"मुकिंदा," आबांनी विचारलं, "तू कुठं आलास रं ह्यात?"

मुकिंदातात्या विचारात पडले. डोकं खाजवलं.

"आलो असंन कुठंतरी… दिगू कुठला न् म्या कुठला, कळलं न्हाई मला."

आबांनी "हां" म्हटलं.

दिगूनं डोळे पुसले. मग लॅपटॉप मांडीवर ओढला. गाणं जगात सोडायच्या आधी एक तक्ता भरायचा असतो, त्यात कुणी काय वाजवलं ते लिहायचं असतं. मागच्या वेळी त्यानं सनईपुढं आबांचं नाव लिहिलं होतं, ध्वनिमुद्रणापुढं स्वतःचं, आणि तक्ता पूर्ण झाला म्हणून खूण केली होती. आता त्यानं एक नवी ओळ वाढवली. लिहिलं : सूर.

आणि बोट थांबलं.

"तात्या, तुमचं नाव घालतो."

"माजं कशाला? तू फुंकलास की एवढं. तुजं घाल."

"शेवटी तुम्हीच आहात ना त्यात."

"पाच मिन्टं. ती बी चुकून ऱ्हायलेली. तुजं घाल, गप."

"तात्या, चाळीस वर्षं…"

"आरं, तोंड सुजलंय तुजं, वाद कशाला घालतोस?"

दिगू आबांकडे वळला.

"आबा, तुम्हीच सांगा. सुरापुढं नाव कुणाचं घालू?"

आबा उठून उभे राहिले. उंबरा ओलांडून आत गेले. खुंटीवरची सनई काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, पुन्हा खुंटीला अडकवली.

"जो ऐकू आला न्हाई, त्याचं," ते म्हणाले.